चारशे आठ मीटरची फेरी

मैदानाभोवती टेप दुसऱ्यांदा फिरवून झाली तशी सर्व्हेवाल्या नेकेसाने आकडा लिहून घेतला आणि म्हणाली, "चारशे आठ."

"काय चारशे आठ?" मी विचारलं.

"मीटर. एक फेरी."

मला हसूच आलं. नेकेसा एल्डोरेटहून आलेली, वयाने माझ्या धाकट्या नणंदेएवढी, पायात नवे कोरे गमबूट. तिचा मदतनीस आला नव्हता म्हणून टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. मैदानाच्या फाटकापाशी माझी जुन्या बुटांची टपरी आहे, सकाळी गिऱ्हाईक कमी असतं.

"बाई, पुन्हा मोजा," मी म्हटलं. "चेपसोईच्या मैदानाची फेरी चारशे मीटरची आहे. माझ्या लहानपणापासून आहे. ह्या फेरीवर धावून पोरी युरोपात जाऊन आल्या."

"जाऊ देत की. टेप स्टीलची आहे. आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटर सोडून, जसं मोजायचं असतं तसं दोनदा मोजलं. तुम्हीच धरलं होतंत ना टोक? चारशे आठ."

मंगळवार होता. आमच्या इटेनच्या आसपास मंगळवार म्हणजे ट्रॅकवर धावायचा दिवस. आतल्या कडेचे चुन्याचे दगड, मधे वाकलेले गोलपोस्ट, पलीकडे सुरूची रांग, आणि लाल मातीवर वीसेक पोरी. त्यांचं सातवं हजार मीटर नुकतंच संपलं होतं आणि नव्वद सेकंदांची विश्रांती चालू होती. त्यांना वेग लावून देणारी जेसांग त्यांच्या पुढे उभी होती. एकोणचाळीस वर्षांची, तीन लेकरांची आई, काटकुळी. आमच्यापासून चार पावलांवर. तिने मान वळवली.

"किती म्हणालात?"

"चारशे आठ," नेकेसा म्हणाली.

नव्वद सेकंद झाले. पोरी रेषेवर येऊन उभ्या राहिल्या. शंभर झाले. एकीने घड्याळाकडे बघितलं, मग जेसांगकडे, मग माझ्याकडे. दोन मिनिटं झाली. चौदा वर्षं मी ह्या बाईला दर मंगळवारी बघत होते. तिने नव्वदचे एक्क्याण्णव कधी होऊ दिले नव्हते. पाऊस असो, अंगावर ताप असो, तान्हं पोर माझ्या टपरीत रडत असो.

"जेमेली," ती मला म्हणाली, "तुझ्या फोनवर हिशेब होतो ना? दोनशे चार भागिले एक हजार वीस."

मी फोन काढला. "शून्य दशांश दोन."

"त्याला हजाराने गुण."

"दोनशे."

"दोनशे सेकंद म्हणजे किती मिनिटं?"

तिला ते येत नव्हतं असं नाही. सेकंदांची मिनिटं ती झोपेतही करते. तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "तीन मिनिटं वीस सेकंद," मी म्हटलं.

जेसांग होती तिथेच मातीत बसली. पडली नाही, तोल गेला नाही. नीट पाय दुमडून, आपण घरी चुलीपुढे बसतो तशी बसली.

तीन वीस म्हणजे काय, ते सांगायला मला चौदा वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा आम्ही पंचविशीच्या आत-बाहेर होतो. चेसिरे मास्तर आम्हाला शिकवायचे. प्राथमिक शाळेतले मास्तर. हे मैदान त्यांनीच आखलं होतं, आपल्या शाळेतली पोरं हाताशी धरून, दोर आणि खुंट्यांनी. आमच्याकडे त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्या वर्षी परदेशातला एक मॅनेजर आला. त्याला मॅरेथॉनसाठी मुली हव्या होत्या. त्याने कागदावर लिहून दिलं: दहा वेळा हजार मीटर, मधे नव्वद सेकंद विश्रांती, सरासरी तीन मिनिटं वीस सेकंद. हे जमेल ती त्याच्या कॅम्पमध्ये जाईल, तिचा पासपोर्ट निघेल.

हजार मीटर म्हणजे अडीच फेऱ्या. सुरूच्या बाजूने सुटायचं आणि प्रेक्षकांच्या मोडक्या स्टँडपुढे संपवायचं. दहा वेळा. ज्याने हे कधी केलं नाही त्याला वाटतं, दम असला की झालं. दम सगळ्यांकडे असतो. अवघड असतं ते पहिल्या तीन हजारांत स्वतःला आवरणं. तेव्हा पाय ताजे असतात, बाजूची पुढे जात असते, मॅनेजर बघत असतो. तेव्हा जी उधळते तिला सातव्याला कळतं की आणखी तीन शिल्लक आहेत.

मी उधळले. पहिलं तीन बाराला मारलं, दुसरं तीन चौदाला. लोक टाळ्या वाजवत होते. सातव्या हजारात शेवटच्या वळणावर माझे गुडघे गेले आणि मी चुन्याच्या दगडांवर ओकले. माझी मॅरेथॉन तिथेच संपली.

जेसांग त्या दिवशी सगळ्यांच्या मागे होती. पहिलं हजार, तीन चोवीस. "गाय हाकतेय का?" म्हणून कोणीतरी ओरडलं. दुसरं, तीन चोवीस. तिसरं, चौथं, पाचवं, तीन चोवीस. सातव्यात माझ्या बाजूने गेली तेव्हा मी ओठ पुसत बसले होते, आणि तिच्या पावलांचा आवाज पहिल्या हजारासारखाच होता. दहावंही तीन चोवीसच. सांगितलं असतं तर तिने आणखी दोन केली असती. पण नियम सरासरीचा होता. सालिना नावाची एक मुलगी पहिली चार भयंकर वेगात मारून, पुढची फरफटत ओढून कशीबशी तीन वीसमध्ये बसली. ती गेली. जेसांग चार सेकंदांनी राहिली. मॅनेजरने नावावर रेघ मारली.

पुढल्या वर्षी तो आला नाही. जेसांगने आमच्या दुधाच्या गाडीवाल्या किमाइयोशी लग्न केलं. मास्तर तिला म्हणाले, "तुझ्यात वेग नाही, पण पायात घड्याळ आहे. पोरींना पुढे राहून वेग लावून दे." तिने ते केलं. जी येईल तिच्यासाठी, जो वेग सांगेल तो. फेरीला शहात्तर म्हटलं की शहात्तर, ऐंशी म्हटलं की ऐंशी. हातात घड्याळ न बांधता. नव्या मुलींना ती एकच गोष्ट सांगायची: "पहिलं हजार इतकं सोपं वाटलं पाहिजे की तुम्हाला लाज वाटेल." तिच्यामागे धावून पाच-सहा जणी परदेशी गेल्या. ती स्वतः एकदाही मॅरेथॉन धावली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "अगं, माझ्यात तो वेगच नाही. मोजून झालंय की."

आणि आता फेरी चारशे आठची निघाली. फेरीमागे आठ मीटर जास्त, अडीच फेऱ्यांना वीस. त्या दिवशी तीन चोवीसमध्ये, म्हणजे दोनशे चार सेकंदांत, ती हजार मीटर नाही, एक हजार वीस मीटर धावली होती. दहा वेळा. खरे हजार तिने बरोब्बर तीन वीसमध्ये काढले होते. एक सेकंद इकडे नाही, एक सेकंद तिकडे नाही.

"ऊठ ना ग," मी म्हटलं.

"थांब," ती म्हणाली. "मला जरा हे कळू दे."

पोरींना काही कळेना. त्यांनी आपापलं आठवं हजार सुरू केलं, प्रत्येकीचा वेग वेगळा, नुसता गोंधळ.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे झाली. मग आमच्या गावात जे झालं त्यावर हसावं की रडावं मला कळेना. जो कोणी आयुष्यात एकदा तरी चेपसोईला धावला होता तो फोन काढून हिशेब करत बसला. सलूनवाला म्हणाला, त्याची वीस वर्षांपूर्वीची पाच हजार मीटरची वेळ आता चौदा मिनिटांच्या आत जाते. "तेव्हा मला पोलिसात घेतलं असतं!" खाटीक म्हणाला, "तुला पोलिसात वेळेमुळे नाही, चोरीमुळे घेतलं नाही." एका दिवसात अख्खं गाव तरुणपणी दोन टक्क्यांनी वेगवान झालं. परदेशी पाहुणे मनगटावरची घड्याळं दाखवून म्हणायचे, तुमची फेरी जास्त भरते, तेव्हा आम्हीच त्यांना हसायचो. म्हणायचो, तुमचं घड्याळ आकाशातून मोजतं, आमचा ट्रॅक जमिनीवर आहे. आमच्या मुली युरोपात जाऊन इथल्यापेक्षा वेगात धावायच्या, तेव्हा म्हणायचो, खाली हवा जाड असते. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर होतं.

संध्याकाळी जेसांगचा नवरा किमाइयो टपरीवर आला. "जेमेली, ती आल्यापासून गप्प आहे. मक्याच्या पिठाची उगाली केली, तीही कच्ची राहिली. काय झालंय? फेरी लांब निघाली तर निघाली, सगळ्यांनाच लांब होती ना?"

"सगळ्यांना चार सेकंद कमी पडले नव्हते," मी म्हटलं.

तो बिचारा बराच वेळ बूट उलटेपालटे करत उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ती माझ्याशी लग्न न करता जायची होती?"

मी त्याच्या हातातले बूट घेऊन परत फळीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. डोळे कोरडे, चेहरा ओढलेला. "मास्तरांकडे जायचंय. तू चल. एकटी गेले तर मी काय बोलेन मला माहीत नाही."

मास्तर तेव्हा सत्तरीचे. घर कड्याच्या टोकाला, अंगणातून खाली केरिओची सगळी दरी दिसते. ते बाकड्यावर बसले होते. आम्हाला बघून उठायला लागले आणि पुन्हा बसले. त्यांच्या बायकोने मुरसिकचा वाळका भोपळा आणला, त्यातलं आंबट दूध कपात ओतलं आणि आमच्या तोंडाकडे बघून आत निघून गेली.

जेसांगने कपाला हात लावला नाही. आमच्याकडे हे बरं दिसत नाही. मास्तरांच्या ते लक्षात आलं.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "दोराची चूक, पोरी. सिसलचा दोर होता. ओला असताना मोजला, आखेपर्यंत वाळून वाढला असणार. आम्ही काय इंजिनिअर होतो?"

"दोराची चूक असेल," जेसांग म्हणाली. "मी दोराचं विचारायला आले नाही. त्या दिवशी मी दहावं हजार संपवून तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

"चौदा वर्षं झाली..."

"'छान धावलीस, पण घड्याळ खोटं बोलत नाही.' असं म्हणालात. माझ्या खांद्यावर हात ठेवून. आणि तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता मास्तर, सुरूच्या झाडांकडे बघत होता. मला काल रात्री ते आठवलं. का बघत नव्हता?"

मी तिच्याकडे चमकून पाहिलं. हे मला तिने वाटेत सांगितलं नव्हतं.

खाली दरीत कोणाच्या तरी शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या. मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"त्याच्या दोन वर्षं आधी एक फिनलंडचा धावपटू आला होता," ते म्हणाले. "त्याच्याकडे मोजायचं चाक होतं. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं."

"काय सांगितलं?"

"चारशे सात, की आठ. असं काहीतरी."

मला आपण नीट ऐकलं नाही असं वाटलं. "म्हणजे," मी म्हटलं, "म्हणजे मास्तर, तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, लांब आहे तर बरंच आहे. पोरं कणखर होतील. बाहेर जाऊन आपलाच वेग बघून चकित होतील. मी त्याला म्हटलं, कोणाला सांगू नकोस. त्याने नाही सांगितलं, भला माणूस."

"आणि मॅनेजर आला त्या दिवशी?" जेसांगचा आवाज अगदी हळू होता.

"मी दोनदा तोंड उघडलं. देवाशपथ दोनदा. तो कागद बघत होता. मग मला वाटलं, आता सांगितलं तर तो म्हणेल, ह्या माणसाच्या मागच्या सगळ्या वेळा खोट्या. वर्षानुवर्षं मी चारशे म्हणत आलो होतो. सगळ्यांना. इन्स्पेक्टरला, मंत्र्याला."

"वीस मीटर, मास्तर. एवढंच म्हणायचं होतं. 'हिचे वीस मीटर जास्त झालेत.'"

"हो."

"एवढंच कारण?"

मास्तरांनी टोपी उचलली, पुन्हा ठेवली. त्यांना उत्तर न देता सुटता आलं असतं. आजही मला वाटतं, नसतं दिलं तर बरं झालं असतं का? पण म्हातारा खरं बोलायला बसला की थांबत नाही.

"नाही," ते म्हणाले. "सालिना जाणार हे ठरलंच होतं. तूही गेलीस तर इथे कोण, असं मनात आलं. बाकीच्या सगळ्या उधळणाऱ्या. ही जेमेली बघ, सातव्याला ओकली. तुझ्यासारखी वेग राखणारी मला दुसरी मिळाली नसती. तू राहिलीस म्हणून पुढे किती पोरी घडल्या, मोज की."

जेसांग उठली. मला वाटलं ती ओरडेल. तिने हात नुसते पुढे धरले, काहीतरी पडतंय आणि ते झेलायचंय असे, आणि मग खाली सोडले. "मी चौदा वर्षं लोकांना सांगत आले की माझ्यात वेग नाही," ती म्हणाली. "माझ्या मोठ्या लेकीला सांगितलं. ती पाचवीत असताना म्हणाली, आई मला धावायचंय. मी म्हटलं, आपल्या घराण्यात वेग नाही ग, तू शिवणकाम शीक."

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं होतं. ही गोष्ट त्यांच्या मनातही आली नव्हती, हे दिसत होतं.

निघताना अंगणाच्या कडेला ती थांबली. "मंगळवारी मैदानावर या. सगळ्यांसमोर सांगा. मला सांगितलंत तेच."

ते आले. मला वाटलं होतं येणार नाहीत, आजारी पडतील. पण आले, कोट घालून, शाळेच्या समारंभाला यायचे तसे. वीसेक पोरी, तीसेक पोरं, शिवाय बघे. त्यांनी स्टँडच्या पायरीवर उभं राहून सांगितलं. नीट सांगितलं नाही. दोराबद्दल फार बोलले, फिनलंडवाल्याबद्दल कमी, आणि शेवटच्या कारणाबद्दल एकच वाक्य, तेही पुटपुटत. पण जेसांगचं नाव घेऊन म्हणाले की ही त्या दिवशी पास झाली होती. मागून एका पोराने विचारलं, "मग आता काय?" मास्तर पायरी उतरताना अडखळले, तेव्हा हात द्यायला पुढे गेली ती जेसांगच. हात दिला, खाली उतरवलं आणि पोरींकडे वळली.

त्या दिवशी तिचं काम पहिल्यांदा बिघडलं. नेकेसाने खऱ्या चारशेवर नव्या खुंट्या मारल्या होत्या, आतल्या अंगाने. पोरींनी ऐंशी मागितले. जेसांगने पहिली फेरी अठ्ठ्याहत्तरमध्ये आणली, दुसरीही अठ्ठ्याहत्तरमध्ये. "जास्त झालं!" पोरी मागून धापा टाकत ओरडल्या. तिने मुद्दाम हळू केलं तर त्र्याऐंशी. मधल्या विश्रांतीत ती माझ्याकडे आली. तिचा चेहरा एखादीला स्वतःच्याच घराचं दार सापडू नये तसा झाला होता. "अगं, मला वेग कळेनासा झालाय. माझे पाय कुठल्या फेरीवर आहेत तेच कळत नाही."

दोन महिने लागले तिला पाय पुन्हा बसवायला. रोज सकाळी एकटी यायची, दोन-दोनशे मीटर धावायची, थांबायची, पुन्हा धावायची. मी टपरी उघडताना बघायचे. आणि एके दिवशी तिने मला घड्याळ धरायला सांगितलं.

"किती करणार आहेस?"

"हजार मीटरचे दहा तुकडे. खरे हजार."

एकोणचाळिसाव्या वर्षी तिने तीन एकतीस काढले. दहाच्या दहा, तीन एकतीस. मला रडू आलं, कारण मला वाटत होतं तीन वीस निघतील आणि काहीतरी भरून निघेल. तिला मात्र त्याचं काही वाटलं नाही. "तीन वीस आता कुठून येणार, येडे? तीन बाळंतपणं झालीत." मग पाणी पीत म्हणाली, "एल्डोरेटची मॅरेथॉन एप्रिलात असते ना? नाव कुठे द्यायचं?"

त्या मॅरेथॉनला मी तीस किलोमीटरवर पाण्याची बाटली घेऊन उभी होते. पुढे जाणाऱ्या बायका मी बोटांवर मोजत होते. अठ्ठावीस गेल्या. मग ती आली. दहाव्या किलोमीटरवरच्या लोकांनी मला फोनवर सांगितलं होतं की तुझी मैत्रीण साठावी-सत्तरावी असेल. आता तिच्या कपाळावर मीठ सुकलं होतं, पण पावलांचा आवाज तोच.

"किती?" तिने न थांबता विचारलं.

"अठ्ठावीस पुढे!"

तिने मान हलवली आणि गेली. मी बोडाबोडावर, म्हणजे मोटारसायकलवर, मागे बसून शेवटाला पोचले. ती नववी आली. वेळ दोन तास त्रेचाळीस. आमच्या उंचीवर, चाळिशीला टेकलेल्या बाईने, आयुष्यातल्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये. किमाइयो दुधाचे कॅन सोडून आला होता, माणसांना ढकलत, "माझी बायको आहे, माझी बायको आहे," असं ओरडत.

जेसांग रस्त्याच्या कडेला बसली होती. आजूबाजूला बायका आडव्या पडल्या होत्या, कोणी ओकत होती, कोणाला उचलून नेत होते. ही सरळ बसलेली. तिने माझा हात धरला. तिची बोटं गार होती.

"जेमेली," ती म्हणाली, "मी दमले नाहीये."

"काय?"

"मी अजून धावू शकते. आत्ता. दहा किलोमीटर तरी." तिचे डोळे मोठे झाले होते. मास्तरांच्या अंगणातही ते इतके मोठे झाले नव्हते. "मी राखत राहिले ग. पहिल्या दहात राखलं, मग वीसपर्यंत राखलं, मग म्हटलं तीसनंतर सोडू, तीसनंतर म्हटलं पस्तीसनंतर. कोणीतरी सांगेल आता सोड म्हणून मी थांबले होते. कोण सांगणार होतं? किती राखून ठेवलंय मी हे!"

आणि मग ती रडली. त्या मंगळवारपासून पहिल्यांदा. किमाइयोला वाटलं आनंदाने रडतेय, त्याने तिला आपला कोट घातला.

त्यानंतर ती आणखी दोन मॅरेथॉन धावली. दुसरीत तिने वीसलाच राखणं सोडलं आणि सदतिसाव्या किलोमीटरला चालत आली. लोक हळहळले, ती मात्र हसत होती. "आता कळलं मला, तुला त्या दिवशी काय झालं होतं," मला म्हणाली. तिसरीत ती तिसरी आली, दोन तास सदतीस. त्याहून वर गेली नाही. ते आता होणार नव्हतंच.

मास्तर अजून मंगळवारी येतात. सुरूच्या बाजूला स्टूल टाकून बसतात. जेसांग त्यांना नमस्कार करते, त्यांच्या घरी मात्र जात नाही. ते विचारतात, "आज किती?" ती वेळ सांगते आणि पुढे जाते. एकदा मी म्हटलं, "माफ कर ना म्हाताऱ्याला." ती म्हणाली, "करेन. घाई नाही." तिची धाकटी लेक आता पोरींच्या मागे मागे धावते, मोठी एल्डोरेटला शिवणकाम शिकते आणि चांगलं शिकते. मोठीला विचारलं की तू का नाही धावत, तर ती खांदे उडवते. म्हणते, "मला पुन्हा कोणी विचारलंच कुठे?"